मस्टँग, कॅमॅरो की चॅलेंजर : भांडण्याआधी मोजायचं कसं

आमच्या घरी नवऱ्याची फोर्ड मस्टँग जीटी आहे आणि भाच्याकडे डॉजची चॅलेंजर स्कॅट पॅक. दोघं एकत्र आले की दहाव्या मिनिटाला विषय इंजिनांवर जातो. मी डेट्रॉइटजवळ इंजिन-चाचणीच्या कामात आहे, म्हणून पंच म्हणून मला ओढलं जातं. माझा निकाल मात्र दोघांनाही आवडत नाही, कारण निकाल द्यायच्या आधी मीच प्रश्न विचारते: कुठे मोजलं? किती अंतरात? टायर कोणते होते? हवा कशी होती? भाचा म्हणतो, "मावशी, ४८५ हॉर्सपॉवर म्हणजे ४६० पेक्षा जास्त, यात विचारायचं काय?" विचारायचं बरंच असतं. तेच इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, "जास्त फास्ट" हे एक माप नाही. गाडी जागेवरून किती झटकन सुटते, सुटल्यावर वेग किती जोमाने चढत जातो, किती फुटांत थांबते आणि वळणात किती घट्ट राहते, ही चार वेगळी मापं आहेत. एकाच गाडीने चारही जिंकावीत असा नियम नाही. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते आधी कागदावर लिहा. न लिहिता सुरुवात केली की माणूस नकळत आपल्या आवडत्या गाडीला सोयीचं माप उचलतो. आमच्याकडे दोघंही तेच करतात.

जोडी आधी जुळवा

नुसतं "मस्टँग विरुद्ध कॅमॅरो" म्हणण्याला अर्थ नाही. वर्ष, ट्रिम (मॉडेलची नेमकी आवृत्ती), गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर आणि टायर ठरल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही. २०१८ ते २०२१ ची मस्टँग जीटी म्हणजे ५.० लिटरचं कोयोटी इंजिन, ४६० हॉर्सपॉवर, ४२० पाउंड-फूट टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर). तिच्यासमोर जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॅमॅरोची एसएस उभी करायची: ६.२ लिटरचं एलटी१, ४५५ हॉर्सपॉवर, ४५५ पाउंड-फूट. आणि डॉजकडून आर/टी स्कॅट पॅक: ६.४ लिटरचं हेमी, ४८५ आणि ४७५. हे तिघं एका वजनगटातले पैलवान. त्यांच्या वरचा गट वेगळा. तिथे सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावलेल्या गाड्या येतात: कॅमॅरो झेडएल१ (६५० हॉर्सपॉवर), मस्टँग शेल्बी जीटी५०० (७६०), चॅलेंजर हेलकॅट (सुरुवातीला ७०७) आणि तिची रेडआय (७९७). कोणी "माझी चॅलेंजर तुझ्या मस्टँगला खाईल" म्हणालं, तर आधी विचारायचं की कोणती चॅलेंजर, कोणती मस्टँग.

किंमतही जोडीत धरा. २०१७ मध्ये कॅमॅरो झेडएल१ १एलई ने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकची फेरी ७ मिनिटं १६.०४ सेकंदांत मारली. मस्टँग जीटीडी ने पुढे ६ मिनिटं ५२.०७ पर्यंत मजल मारली. आकडे शेजारी ठेवले की फोर्डवाले खूश. पण पहिली साधारण ७०,००० डॉलरची शोरूममधली गाडी होती आणि दुसरीला तीन लाख डॉलरच्या वर मोजावे लागतात. दोन्ही कामगिऱ्या खऱ्या आहेत, जोडी खोटी आहे.

गिअरबॉक्सबद्दल लोक सहज विसरतात. दहा-गिअर ऑटोमॅटिक फोर्ड आणि जनरल मोटर्सने मिळून विकसित केलं. त्या ऑटोमॅटिकची मस्टँग आणि सहा-गिअर मॅन्युअलची मस्टँग, इंजिन तेच असूनही पाव मैलात वेगळ्या गाड्यांसारख्या वागतात. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर खूप आखूड, गिअर बदलताना जोर तुटत नाही आणि चालवणाऱ्याचा डावा पाय मध्ये येत नाही. मॅन्युअल चालवण्यात मजा आहे, हे मी मान्य करते. पण तुलना करायची तर दोन्हीकडे ऑटोमॅटिक घ्या, नाहीतर तुम्ही गाड्या सोडून माणसं मोजत बसाल.

कागदावरचं गणित

हॉर्सपॉवर एकटी काही सांगत नाही. तिला वजनाने भागायला लागतं. आणि वजन माहितीपत्रकातलं घेऊ नका, खरं वजन करा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर ट्रकांसाठी वजनकाटे असतात, तिथे थोडे डॉलर देऊन कोणीही आपली गाडी चढवू शकतं. पुढची चाकं एका पट्टीवर आणि मागची दुसऱ्या पट्टीवर ठेवलीत, तर कुठल्या अ‍ॅक्सलवर किती भार आहे तेही छापून मिळतं. बहुतेक काटे २० पाउंडांच्या टप्प्यात आकडा देतात, आपल्या कामाला तेवढं पुरे. टाकी किती भरलेली होती ते चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा. पेट्रोल गॅलनला साधारण सहा पाउंड भरतं, म्हणजे मस्टँगच्या १६ गॅलनच्या टाकीत जवळजवळ शंभर पाउंडांचा फरक लपलेला असतो.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. ऑटोमॅटिक गाड्यांची ढोबळ वजनं घेऊ: कॅमॅरो एसएस ३,७५० पाउंड, मस्टँग जीटी ३,८५०, स्कॅट पॅक ४,२५०. प्रत्येकीत २०० पाउंडांचा चालक बसवा. एका हॉर्सपॉवरमागे कॅमॅरोला साधारण ८.७ पाउंड ओढायचे आहेत, मस्टँगला ८.८ आणि स्कॅट पॅकला ९.२. सगळ्यात मोठा हॉर्सपॉवरचा आकडा असलेली गाडी शेवटी गेली. चॅलेंजर ऐसपैस आहे, मागच्या सीटवर मोठी माणसं खरोखर बसतात, आणि त्याची किंमत ती वजनात मोजते.

याच्या पुढे एक जुनं, पण अजून उपयोगी पडणारं सूत्र आहे. हॉर्सपॉवर भागिले वजन करा, त्याचं घनमूळ काढा आणि २३४ ने गुणा. पाव मैलाच्या शेवटी गाडीचा वेग ताशी किती मैल असावा, त्याचा अंदाज मिळतो. वरच्या तीन गाड्यांना ते लावलं तर कॅमॅरो ११४ च्या आसपास, मस्टँग ११३ च्या जरा वर आणि स्कॅट पॅक ११२ ला टेकते. म्हणजे घरात ज्यावरून आवाज चढतात तो फरक ताशी दोन मैलांचा आहे, आणि एवढा फरक एका गरम दुपारनेही पडतो.

टॉर्कच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवा: सर्वोच्च आकड्यापेक्षा तो कोणत्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) मिळतो ते महत्त्वाचं. टॉर्कला आरपीएमने गुणून ५,२५२ ने भागलं की हॉर्सपॉवर मिळते. एलटी१ चं ४५५ पाउंड-फूट ४,४०० आरपीएमला येतं, म्हणजे त्या क्षणी साधारण ३८१ हॉर्सपॉवर. कोयोटीचं ४२० पाउंड-फूट ४,६०० ला येतं, म्हणजे ३६८. पण कोयोटी ७,००० च्या पुढे जोमाने ओढत राहतं, तर एलटी१ ची कमाल ६,००० लाच येऊन जाते. म्हणून कॅमॅरोत गॅसवर हलका पाय ठेवला तरी ढकलल्यासारखं वाटतं. मस्टँगला मात्र फिरवावं लागतं. "कॅमॅरो जास्त ताकदवान वाटते" असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. तो मधल्या आरपीएमबद्दल बोलत असतो, एवढंच.

शिवाय फोर्डने ते ४६० हॉर्सपॉवर ९३ ऑक्टेन पेट्रोलवर जाहीर केले आहेत. कॅलिफोर्नियात पंपावर साधारणपणे ९१ च मिळतं. तिथल्या मस्टँगवाल्याने मिशिगनच्या आकड्यांची अपेक्षा धरू नये.

शून्य ते साठ, आणि गायब झालेला एक फूट

सगळ्यात जास्त मिरवला जाणारा आणि सगळ्यात कमी विश्वासाचा आकडा हा. कारण आहे रोलआउट. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतपट्टीवर, चाकाने प्रकाशकिरण अडवलेला असतो आणि चाक त्यातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं. तोवर गाडी साधारण एक फूट पुढे आलेली असते. अमेरिकन मासिकांनी हीच पद्धत शून्य-ते-साठलाही लावली: पहिल्या फुटाचा वेळ वजा. त्यामुळे "शून्य" म्हणताना गाडी प्रत्यक्षात ताशी तीन ते पाच मैलांनी निघालेली असते आणि आकड्यातून दोन ते तीन दशांश सेकंद उडालेले असतात. ४.० सेकंदांची गाडी आणि ४.३ सेकंदांची गाडी या कधीकधी एकच गाडी असते.

म्हणून कुठलाही आकडा वाचताना विचारा: रोलआउट वजा केलंय का? रस्ता साधा होता की चिकट द्रव फवारलेली स्ट्रिप? डॉजच्या चॅलेंजर डीमन १७० चे १.६६ सेकंद तयार केलेल्या स्ट्रिपवरचे आणि रोलआउट वजा केलेले आहेत. ती १,०२५ हॉर्सपॉवरही ई८५ या बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावरची आहे, साध्या पंपाच्या पेट्रोलवर ती कमी होते. यात फसवणूक नाही, सगळं जाहीर केलेलं आहे. फक्त यूट्यूबच्या मथळ्यात ते मावत नाही.

स्वतः मोजायचं असेल तर फोनमधल्या जीपीएसवर भागवू नका. तो बहुधा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो, आणि चार सेकंदांच्या घटनेत चार नोंदी म्हणजे अंदाजपंचे. सेकंदाला १० किंवा २५ नोंदी घेणारी ड्रॅगीसारखी छोटी डबी घ्या, किंवा खिसा खोल असेल तर व्हीबॉक्स. ड्रॅगीत रोलआउटचं बटण आहे. ते दोन्ही गाड्यांसाठी एकाच स्थितीत ठेवा. उताराची नोंदही ती देते. उतारावर मारलेली वेळ धरायची नाही. गाडीतल्या पडद्यावरचे टायमर दोन कंपन्यांमध्ये कधीच तोलू नका, प्रत्येकाचं सुरुवातीचं घड्याळ वेगळ्या क्षणी चालू होतं.

मला विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीसाठी ५ ते ६० हे माप जास्त प्रामाणिक आहे. गाडी हळू चालत असते आणि मग एकदम पाय दाबायचा. लाँच कंट्रोल (सुटताना ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही, रोलआउट नाही, टायर घासायची संधी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि वजन उघडं पडतं. एखाद्या गाडीचं शून्य-ते-साठ झकास आणि ५-ते-६० त्यापेक्षा पाऊण-एक सेकंदाने वाईट असेल, तर तिची अर्धी जादू लाँचमध्ये आहे असं समजा.

टाइम स्लिप वाचायला शिका

खरा निवाडा ड्रॅग स्ट्रिपवर. बहुतेक स्ट्रिपवर आठवड्यातून एखादी संध्याकाळ "टेस्ट अँड ट्यून" असते, कोणीही घरची गाडी घेऊन जाऊ शकतो. तेरा सेकंद नव्याण्णव किंवा त्याहून जलद गाडीला हेल्मेट लागतं, आणि वरच्या सगळ्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) गाड्या त्यात येतात. लांब पँट आणि बंद बूट घाला. हे प्रयोग डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर करायचे नाहीत. तिथे एके काळी रस्त्यावरच शर्यती लागायच्या हे सगळ्यांना माहीत आहे, ते तिथेच राहू द्या.

एका फेरीनंतर कागदाची पट्टी मिळते, तीच टाइम स्लिप. त्यावरचा पहिला आकडा, आर/टी, म्हणजे हिरवा दिवा आणि तुमची हालचाल यांतला वेळ. तुलनेसाठी तो सरळ खोडून टाका. तो पाव मैलाच्या वेळेत धरलेलाच नसतो, कारण घड्याळ तुम्ही हलल्यावर सुरू होतं. यामुळेच कमी वेगवान गाडीही आधी रेषा ओलांडून जिंकू शकते आणि पराभूत माणूस हातात चांगली स्लिप घेऊन चरफडतो.

पुढे ६० फूट, ३३० फूट, अष्टमांश मैल, १,००० फूट आणि शेवटी १,३२० फूट. मला दोनच ओळी आधी बघायच्या असतात: ६० फूट आणि शेवटचा वेग, म्हणजे ट्रॅप स्पीड. ६० फुटांची वेळ टायर, सस्पेन्शन आणि चालकाबद्दल बोलते. ट्रॅप स्पीड इंजिन आणि वजनाबद्दल बोलतो. तो शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी वेग असतो, आणि सुटताना गडबड झाली तरी तो फारसा पडत नाही. एकूण वेळ, जिला सगळे ईटी म्हणतात, ती या दोघांची खिचडी.

उदाहरण करून बघा. समजा मस्टँगने ६० फूट १.९५ सेकंदांत कापले, ईटी १२.६० आणि ट्रॅप ११४. स्कॅट पॅकने ६० फूट १.८० मध्ये, ईटी १२.४५, ट्रॅप ११२. स्ट्रिपवर स्कॅट पॅक जिंकली आणि भाच्याने फोटो काढला. पण स्लिप म्हणते की सुरुवातीचे दीड दशांश मस्टँगने टायर घसरवण्यात घालवले. ६० फुटांत वाचवलेला एक दशांश शेवटी साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो. म्हणजे तेच इंजिन, तोच चालक आणि जरा बरे टायर दिले तर मस्टँग पुढे. तरीही त्या संध्याकाळी स्कॅट पॅक जिंकली हेही तितकंच खरं. कोणता प्रश्न विचारलात त्यावर उत्तर ठरतं.

ट्रॅप स्पीडवरून मागे जाऊन हॉर्सपॉवरही काढता येते. वेग भागिले २३४, त्याचा घन, गुणिले चालकासह वजन. कोणी "स्टॉक (कारखान्यातून आली तशी) आहे हो" म्हणून ४,०५० पाउंडांची गाडी १२२ च्या ट्रॅपने पळवत असेल तर हिशेब ५७० हॉर्सपॉवरच्या वर जातो. स्टॉक जीटी नाही ती. हसून पुढे जायचं.

फेऱ्यांबद्दल: दोन्ही गाड्यांच्या किमान तीन फेऱ्या, त्याच लेनमध्ये, शक्य तितक्या लागोपाठ. सर्वोत्तम आकडा न घेता मधला घ्या. सुपरचार्जरच्या गाड्यांना फेऱ्यांच्या मध्ये सारखाच विसावा द्या, कारण आत जाणारी हवा गरम झाली की संगणक स्वतःच ताकद मागे खेचतो. डीमनमध्ये डॉजने वातानुकूलनाचा थंडावा इंजिनच्या हवेकडे वळवायची सोय केली, ती याच दुखण्यावर. उभं राहण्याची पद्धतही सारखी ठेवा. सुरुवातीच्या रेषेवर गाडी आल्याचं दाखवणारा दुसरा छोटा दिवा लागताच थांबलात तर पूर्ण रोलआउट मिळतं, आणखी पुढे सरकलात तर ते कमी होतं आणि ईटी वाईट दिसते.

हवेचा हिशेब

इंजिन हवा खातं. हवा विरळ झाली की त्याची भूक भागत नाही. नैसर्गिक श्वास घेणारं, म्हणजे सुपरचार्जर किंवा टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फूट उंचीला साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत मॉरिसनजवळची बँडिमिअर स्ट्रिप जवळजवळ ५,८०० फुटांवर होती. २०२३ मध्ये ती बंद झाली, पण तिथल्या जुन्या स्लिप अजून फिरतात आणि समुद्रसपाटीवरच्या स्लिपांशी बेधडक तोलल्या जातात. ४६० हॉर्सपॉवरचं इंजिन तिथे ३८० च्या आसपास उरतं, ही गोष्ट स्लिपवर छापलेली नसते.

उंची न बदलता फक्त उष्णता वाढली तरी हाच परिणाम होतो. समुद्रसपाटीवर ९५ अंश फॅरनहाइटला हवा जवळपास २,४०० फुटांवर असल्यासारखी वागते. दमटपणा असेल तर आणखी वर. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. फोनवर ती काढून देणारी अ‍ॅप आहेत आणि ड्रॅगीही दाखवते. प्रत्येक स्लिपवर पेनने ती लिहा. ऑक्टोबरच्या थंड रात्रीची मस्टँग आणि जुलैच्या दुपारची कॅमॅरो यांची तुलना करणारा माणूस हवामान मोजत असतो.

डायनो

डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, माझा दिवस जातो, म्हणून थोडक्यात आणि कडक सांगते. दोन वेगळ्या दुकानांतल्या डायनोचे आकडे एकमेकांशी तोलू नका. जड रोलर फिरवणारा डायनो आणि ब्रेकसारखा भार देणारा डायनो एकाच गाडीला वेगवेगळे आकडे देतात, आणि दुसरा बहुधा कमी दाखवतो. कागदावर दुरुस्तीचा घटक, म्हणजे आकडा कोणत्या ठरावीक हवेवर आणला आहे, ते बघा. "एसएई" म्हणजे ७७ अंशांच्या कोरड्या हवेवर आणलेला आकडा, "एसटीडी" म्हणजे ६० अंशांवर आणि जास्त दाबावर. तीच फेरी एसटीडी मध्ये तीन-चार टक्क्यांनी फुगते. विकणाऱ्याला कोणता आवडत असेल ते सांगायला नको. फेरी १:१ गिअरमध्ये (जिथे गिअरबॉक्स इंजिनाचा वेग बदलत नाही) घ्या. २०१८ नंतरच्या मस्टँगच्या मॅन्युअलमध्ये तो चौथा आहे, दहा-गिअर ऑटोमॅटिकमध्ये सातवा. आणि चाकावरच्या आकड्याला ठरावीक टक्क्याने गुणून "क्रँकवर (थेट इंजिनावर) इतके" असं जाहीर करू नका. डायनोचा खरा उपयोग त्याच गाडीत बदल करण्यापूर्वी आणि नंतर काय फरक पडला ते बघण्यासाठी आहे.

थांबणं आणि वळणं

इथे आधी अंतराची व्याख्या तपासा. अमेरिकन मासिकांपैकी एक ७० मैलांवरून थांबवून मोजतं, दुसरं ६० वरून. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ७० वरून थांबायला १.३६ पट अंतर लागतं. ६० वरून १०५ फूट आणि ७० वरून १४३ फूट ही एकाच दमाची कामगिरी आहे. वळणातली पकड मोजायचं वर्तुळही एकाकडे ३०० फुटांचं, दुसऱ्याकडे २०० चं.

आणि मग टायर. कॅमॅरोच्या १एलई पॅकेजबरोबर गुडइयरचे ईगल एफ१ सुपरकार यायचे, मस्टँगच्या वरच्या पॅकेजवर मिशेलिनचे पायलट स्पोर्ट कप २, तर साध्या ट्रिमवर सर्व ऋतूंत चालणारे. वळणातल्या निकालात टायरचा वाटा इतका मोठा असतो की टायर सारखे नसतील तर मी निकालच देत नाही. टायर सारखे असतील तेव्हा कॅमॅरोची चॅसी या तिघांत सरस आहे, हे नवऱ्याच्या तोंडावर सांगते. ती गाडी डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, त्याचं मला दुःख आहे. तिच्या खिडकीतून मात्र बाहेरचं काहीही दिसत नाही.

नवी विजेवरची चार्जर डेटोना तुलनेत आणायची असेल तर प्रत्येक फेरीशेजारी बॅटरी किती टक्के होती ते लिहा. ५,८०० पाउंडांच्या वरची गाडी सुटताना जे करते ते वळणात करेल अशी आशा ठेवू नका.

जुन्या गाड्यांचे आकडे

१९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ एलएस६ चे ४५० हॉर्सपॉवर आणि अलीकडच्या कॅमॅरो एसएसचे ४५५ शेजारी ठेवून "पन्नास वर्षांत पाचच वाढले" असं म्हणणारे मला दर उन्हाळ्यात भेटतात. १९७१ पर्यंत कंपन्या "ग्रॉस" आकडा सांगत: इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर आणि गाडीतला एक्झॉस्ट काढलेला. १९७२ पासून "नेट", म्हणजे सगळी उपकरणं जोडून. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने दोन्ही छापले, त्यामुळे ते वर्ष तुलना करणाऱ्यांसाठी सोन्याची खाण आहे. त्या वर्षीच्या कॅमॅरो झेड/२८ चे ३३० ग्रॉस म्हणजे २७५ नेट. कॉर्व्हेटचं साधं ३५० इंजिन २७० ग्रॉस, २१० नेट. एलएस६ कॉर्व्हेट ४२५ ग्रॉस, ३२५ नेट. पहिल्याचं प्रमाण ८३ टक्के, तिसऱ्याचं ७६. म्हणून "ग्रॉसचे ऐंशी टक्के" हे सगळ्यांना लावायचं सूत्र नाही, इंजिनागणिक बदलतं.

उलट दिशेची लबाडीही होती. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेटवर ३३५ चा शिक्का होता. ४२६ हेमीवर ४२५, झेडएल१ कॅमॅरोच्या अ‍ॅल्युमिनियम ४२७ वर ४३०. तिन्ही मुद्दाम कमी. विमा आणि शर्यतींतले वर्ग, दोघांचीही नजर या आकड्यावर असायची. ट्रान्स-अ‍ॅम मालिकेतल्या पाच लिटरच्या मर्यादेसाठी बनलेल्या कॅमॅरो झेड/२८ आणि मस्टँग बॉस ३०२ या कट्टर वैऱ्यांवर दोन्हीकडे अगदी तेच २९० लिहिलेलं आहे. योगायोग म्हणायचा.

मासिकांच्या त्या काळच्या चाचण्याही जपून वाचा. १९६४ मध्ये एका मोठ्या मासिकाने पॉन्टियाक जीटीओ वापरली, ती रॉयल ओकच्या रॉयल पॉन्टियाक डीलरने तयार केलेली होती. माहितीपत्रकात ३८९ घनइंचाचं इंजिन, पण बॉनेटखाली बाहेरून तसंच दिसणारं ४२१. कंपनीच्या जाहिरातींचे कर्तेधर्ते जिम वँगर्स यांनी पुढे ते कबूलही केलं. म्हणून जुन्या गाडीची एक चाचणी कधी धरू नका. तीन-चार वेगळ्या ठिकाणच्या घ्या, ईटी सोडा आणि ट्रॅप स्पीड बघा. त्या काळच्या बायस-प्लाय (जुन्या, तिरप्या थरांच्या बांधणीच्या) टायरना पकड अशी नव्हतीच, त्यामुळे ईटी कोणाच्याच बाजूने बोलत नाही.

जुन्या गाड्या प्रत्यक्ष पळताना बघायच्या असतील तर मिशिगनमध्ये स्टँटनजवळच्या मिड-मिशिगन मोटरप्लेक्सवर प्युअर स्टॉक मसल कार ड्रॅग अनेक वर्षं भरत आली आहे. स्लिक (बिनखाचांच्या शर्यतीच्या) टायरना बंदी, मूळ मापाचे टायर, आणि जोड्या तीनपैकी दोन फेऱ्यांवर ठरतात. तिथे जाताना वही-पेन न्या आणि कुंपणाशी उभं न राहता वेळ दाखवणाऱ्या फलकासमोरची जागा पकडा. तिथे फक्त ईटी आणि वेग दिसतात, ६० फुटांची वेळ हवी असेल तर फेरी संपवून आलेल्या चालकाला विचारा. ही मंडळी स्लिप खिशात घेऊनच फिरतात, आणि कोणी विचारायचीच वाट बघत असतात.